बारावीत कमी गुण? ‘एमबीबीएस’ची वाट अशी

किमान पात्रता
• बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के; अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गाला 40 टक्के. इंग्रजी उत्तीर्ण.
• त्याखाली गुण असतील, तर राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा.

गुणवत्ता यादी
• फक्त ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेवर. बारावीचे 55 टक्के व ‘नीट’चे 600 गुण असलेला विद्यार्थी 90 टक्के व 590 गुणांच्या पुढे.
• एकूण 720 गुण. त्यांतले 360 जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1.
• संधींवर मर्यादा नाही. किमान वय 17. कमाल वयाची अट 2022 मध्ये रद्द.

गल्लत नको
• टक्के: मिळालेल्या गुणांचे प्रमाण.
• पर्सेंटाइल: किती टक्के परीक्षार्थी मागे, याचे माप. ‘नीट’ची पात्रता यात ठरते: खुल्या प्रवर्गाला 50 वे, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गाला 40 वे.

जागा
• शासकीय महाविद्यालयांत 15 टक्के अखिल भारतीय कोटा, 85 टक्के राज्य कोटा. राज्याची प्रवेशप्रक्रिया सीईटी कक्षाकडे.

खडकवासल्याच्या आसपास
• काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालय, नऱ्हे (खासगी).
• बी. जे. शासकीय महाविद्यालय, ससून (1946).
• पुणे महापालिकेचे अटलबिहारी वाजपेयी महाविद्यालय (2022).
• सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी), वानवडी (1948): ‘नीट’नंतर स्वतंत्र चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी.