तापावरचा कडू पाला : भुईनिंब

पावसाळा ओसरू लागला, की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनांत, सावलीच्या ओलसर जागी, गुडघ्याएवढी वाढलेली एक साधी वनस्पती नजरेस पडते. चौकोनी खोड, भाल्याच्या पात्यासारखी पाने आणि जांभळ्या ठिपक्यांची चिमुकली पांढरी फुले. हाच भुईनिंब अथवा काळमेघ. कुळाने तो अडुळशाचा आप्त. कडूनिंबाशी त्याचे नाते केवळ चवीपुरते! हिमालयात होणारा किराईत हाही वेगळाच, परंतु बाजारात पुष्कळदा भुईनिंबच त्याच्या नावावर खपतो.

हा कडूपणा अँड्रोग्राफोलाइड या द्रव्याचा होय. ते मुख्यतः पानांत असून फुलोऱ्याच्या सुमारास भरपूर असते. साधा ताप, मंदावलेली भूक, यकृताच्या तक्रारी व जंत यांवर भुईनिंबाचा काढा देण्याची जुनी परंपरा आहे. गर्भवती स्त्रियांनी मात्र तो घेऊ नये. मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच घ्यावा. वनस्पती वर्षायू असल्याने सरसकट उपटू नये. काही झाडे बोंडे पिकून तडकेपर्यंत राखली, तरच पुढील पावसाळ्यात रोपे उगवतील.

गडचिरोलीत तापाचा विचार करताना हिवताप विसरून चालत नाही. 'कडू ते हिवतापावर गुणकारी' हा समज निराधार म्हणता येणार नाही. सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनीनही कडूच. भुईनिंबाच्या अर्काचा हिवतापाच्या जंतूंवर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत आढळलेही आहे. तथापि, परीक्षानळीतील जंतू मरणे आणि रोगी बरा होणे यांत मोठे अंतर आहे. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोचल्यास रोगी, विशेषतः लहान मूल, एक-दोन दिवसांत दगावू शकते. काढ्याचा गुण येण्याची वाट पाहण्यात हेच दिवस निघून जातात.

यास्तव ताप येताच प्रथम रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी आशा कार्यकर्तीकडे वा प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. फॅल्सिपेरमवर दिल्या जाणाऱ्या संयुक्त औषधातील मुख्य घटकाचे मूळही एका वनस्पतीतच आहे. चीनमधील त्या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन शोधून काढल्याबद्दल तू यूयू या विदुषीस २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ताप उतरला तरी या गोळ्या मध्येच सोडू नयेत. ठरलेले सर्व दिवस घ्याव्यात.