किरणोत्सारी कचरा पुरणाऱ्यांची शाळा

अणुभट्टीतून निघणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्यापैकी सर्वांत तीव्र भाग, म्हणजे वापरून झालेले इंधन किंवा त्यावर रासायनिक प्रक्रिया केल्यानंतर उरणारा उच्चस्तरीय कचरा, अखेर जमिनीखाली काहीशे मीटर खोलीवर स्थिर खडकात पुरावा, याबद्दल या विषयातील तज्ज्ञांमध्ये आज बऱ्यापैकी एकमत आहे. या कचऱ्यातील सीझियम-१३७ या समस्थानिकाचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचा असून प्लुटोनियम-२३९ च्या बाबतीत तोच काळ २४,१०० वर्षांच्या घरात जातो. साहजिकच पहारेकरी, कुंपण आणि सरकारी खाते यांच्या भरवशावर हा कचरा इतका काळ सांभाळता येईल असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. खडक आणि धातू यांच्या टिकाऊपणावर त्यामुळे विपुल संशोधन झाले आहे. ज्या माणसांनी हा कचरा प्रत्यक्ष खाली न्यायचा, त्याच्याभोवती माती ठासायची आणि बोगदा बुजवायचा, ती कोठे आणि कशी घडतात हा प्रश्न मात्र बराच काळ दुय्यम मानला गेला, आणि त्याची किंमत एका देशाने मोजलीही आहे.

कामाचे स्वरूप समजण्यास फिनलंडमधील ओन्कालो या भूगर्भीय भांडाराचे उदाहरण सोयीचे आहे. ओल्किलुओटो बेटावर पोसिव्हा या कंपनीने २००४ मध्ये खोदकामास आरंभ केला, २०१५ मध्ये तिला बांधकामाचा परवाना मिळाला आणि २०२४ मध्ये खरे इंधन न वापरता संपूर्ण प्रक्रियेची चाचणी सुरू झाली. येथील रचना स्वीडनमध्ये विकसित झालेल्या पद्धतीवर बेतलेली असून तीत एकामागे एक असे अडथळे उभे केलेले असतात: वापरलेले इंधन बिडाच्या ओतीव गाभ्यात, त्यावर सुमारे पाच सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे कवच, कवचाभोवती बेंटोनाइट ही चिकणमाती आणि त्याही बाहेर सुमारे १९० कोटी वर्षे वयाचा स्फटिकी खडक. महाराष्ट्रातील काळी कपाशीची जमीन ज्या गटातील खनिजांमुळे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याच स्मेक्टाइट गटातील खनिज बेंटोनाइटमध्ये भरपूर असते; पाणी शिरताच ती माती फुगून आपल्याच वाटा बुजवते आणि पाण्याचा पाझर जवळजवळ थांबवते. कागदावर ही रचना सोपी वाटते, परंतु ती जमिनीखाली उतरवण्यासाठी दोन अगदी भिन्न व्यवसायांतील माणसे एकत्र आणावी लागतात, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

खाणीत काम करणारा माणूस छताच्या आवाजावरून, खडकाच्या रंगावरून, वर्षानुवर्षांच्या सरावावरून जागच्या जागी निर्णय घेण्यास शिकलेला असतो. अणुऊर्जा क्षेत्रातील कर्मचाऱ्याला याच्या नेमके उलट शिकवले जाते: लेखी कार्यपद्धतीबाहेर पाऊल टाकायचे नाही, शंका आली तर थांबायचे, आणि प्रत्येक कृतीची नोंद ठेवायची. दोन्ही सवयी आपापल्या जागी योग्यच आहेत. भूगर्भीय विल्हेवाटीच्या प्रकल्पात त्या एकाच बोगद्यात नांदवाव्या लागतात, म्हणून खाणकामगाराला नव्याने शिकावे लागणाऱ्या गोष्टींची यादी बरीच लांबते. सुरुंग लावून बोगदा काढताना त्याच्या भिंतीलगतचा खडकाचा थर तडकतो. रेल्वेच्या बोगद्यात त्याचे फारसे काही बिघडत नाही, परंतु कचऱ्याच्या बोगद्यात तीच तडकलेली पट्टी पाण्यासाठी आयती वाट ठरू शकते, त्यामुळे सुरुंगाचे छिद्र किती सरळ पाडले आणि त्यात दारू किती भरली हा हजारो वर्षांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसतो. भेगांत भरायचे सिमेंटही नेहमीचे चालत नाही, कारण त्यातून झिरपणारे अतिअल्कधर्मी पाणी बेंटोनाइटचे गुण बदलू शकते. म्हणून कमी अल्कतेचे वेगळे मिश्रण वापरले जाते.

याहून चिवट सवय मोडावी लागते ती मागे वस्तू सोडण्याची. कोणत्याही खाणीत लाकडाचे ओंडके, तेलाची गळती, प्लास्टिकच्या नळ्या आणि गंजके खिळे मागे राहतातच, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. सेंद्रिय पदार्थ मात्र सूक्ष्मजीवांचे अन्न असतात, आणि ऑक्सिजन संपलेल्या खोलीवर काही जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात, जे तांब्याला खाते. त्यामुळे ओन्कालोमध्ये आत जाणाऱ्या परक्या द्रव्यांचा हिशेब ठेवला जातो. आपण टाकून दिलेल्या तेलकट चिंधीचा एका अर्थी तांब्याच्या कवचाच्या आयुष्याशी संबंध आहे, ही गोष्ट सूचनाफलक वाचून कोणाच्या गळी उतरत नाही. तिच्यामागचे रसायनशास्त्र समजलेला कामगार तिचे पालन करतो, आणि म्हणून या क्षेत्रातील प्रशिक्षणात कामगारालाही कारण सांगावे लागते.

असे शिक्षण वर्गात पुरे होत नाही. खऱ्या कचऱ्याविना खऱ्या खोलीवर प्रयोग करता यावेत म्हणून जगात भूगर्भ-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. बेल्जियममधील मोल येथे चिकणमातीच्या थरात २२५ मीटर खोलीवर १९८० मध्ये हेडीस प्रयोगशाळेचे बांधकाम सुरू झाले, स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये ग्रिम्झेल येथे ग्रॅनाइटात १९८४ पासून काम चालले, तर स्वीडनमधील एस्पो येथे ४६० मीटर खोलीपर्यंत वळणाचा बोगदा उतरवण्यात आला. प्रत्येक देशाला अशी प्रयोगशाळा परवडत नाही, हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००१ मध्ये या प्रयोगशाळांचे एक जाळे बांधले, जेणेकरून ज्यांच्याकडे केवळ भूगर्भशास्त्रज्ञ आहेत पण बोगदा नाही अशा देशांच्या तरुण तज्ज्ञांना दुसऱ्याच्या बोगद्यात हात चालवता यावा.

तेथे नेमके काय शिकवले जाते, याची कल्पना विंधनछिद्राच्या साध्या चाचणीवरून येते. खडकात पाडलेल्या लांबट छिद्रात रबरी फुगे उतरवून ते हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने फुगवतात, त्यामुळे दोन फुग्यांमधला छिद्राचा तुकडा बाकीच्यापासून वेगळा होतो. त्या तुकड्यात पाणी दाबून दाब किती वेगाने उतरतो हे मोजले की तेवढ्या खडकातून पाणी किती सहज वाहते हे कळते. मग एका छिद्रात युरानिनसारखा चमकणारा रंग सोडून तो शेजारच्या छिद्रात कधी आणि किती पोचतो हे पाहिले जाते. फुगा नीट न बसल्यामुळे पाणी त्याच्या कडेने निसटले तर आकडे सुंदर येतात आणि पूर्णपणे चुकीचे असतात, आणि ही फसगत नवख्याने निरुपद्रवी बोगद्यातच एकदा अनुभवलेली बरी. एस्पोमध्ये १९९२ पासून विविध देशांतील गट पाण्याच्या प्रवाहाची गणिती प्रतिमाने तपासत आले. त्यांतील काही कामांत प्रयोगाचा निकाल हाती येण्याआधीच अंदाज मांडावा लागे, आणि गणितज्ञाला खडकापुढे नम्र करण्याचा याहून चांगला मार्ग बहुधा नसावा.

ग्रिम्झेलमधील फेबेक्स हा प्रयोग या संदर्भात मोलाचा ठरला. स्पेनच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ग्रॅनाइटातील एका बोगद्यात इंधनाच्या डब्यांच्या आकाराचे दोन विद्युत तापक ठेवले गेले, त्यांच्याभोवती दाबून घडवलेल्या बेंटोनाइटच्या विटा रचल्या गेल्या आणि तापकांचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सियसवर राखला गेला. पहिला तापक २००२ मध्ये आणि दुसरा प्रयोग सुरू झाल्यापासून तब्बल १८ वर्षांनी, २०१५ मध्ये उकरून काढला. खडकाला लागून असलेली माती भिजली होती, तापकाजवळची मात्र इतक्या वर्षांनंतरही त्या मानाने कोरडी होती. नमुन्यातील ओलावा उडून गेला तर १८ वर्षांची प्रतीक्षा वाया जाणार, म्हणून मातीचे तुकडे काढताच हवाबंद करावे लागले. प्रयोग सुरू करणारे आणि संपवणारे हात सारखेच असतील याची खात्री इतक्या कालावधीत देता येत नाही, त्यामुळे विटा कशा रचल्या, कोणता संवेदक कोठे बसवला, कोणती फट राहून गेली याच्या नोंदी हेच नव्या पिढीचे पाठ्यपुस्तक ठरले.

विद्यार्थ्यांना पदवीच्या काळातच बोगद्यात उतरवण्याचा प्रयत्न झेक प्रजासत्ताकात झाला. तेथे १९८० च्या दशकात सोन्याच्या शोधासाठी खोदलेली योझेफ नावाची बोगद्यांची मालिका, जिची लांबी सुमारे आठ किलोमीटर भरते, प्रागच्या झेक तांत्रिक विद्यापीठाने २००७ मध्ये भूगर्भ-प्रयोगशाळा म्हणून सुरू केली. सोने शोधण्यासाठी केलेला खर्च असा शिक्षणाच्या कामी यावा, हा योगायोग म्हणावा लागेल. युरोपात पेट्रस नावाच्या उपक्रमाने विविध विद्यापीठे आणि कचरा-संस्था एकत्र आणून सामायिक अभ्यासक्रम आखले, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या युराड कार्यक्रमाने संशोधनाबरोबर ज्ञानव्यवस्थापनालाही स्थान दिले.

प्रशिक्षणाची उणीव केवढी महाग पडू शकते, हे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात दिसले. कार्ल्सबाडजवळ जमिनीखाली ६५५ मीटरवर, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या मिठाच्या थरात अण्वस्त्रनिर्मितीतील प्लुटोनियमयुक्त कचरा १९९९ पासून ठेवला जातो. मीठ हळूहळू सरकत पोकळी भरून काढते आणि कचऱ्याला मिठी मारते, हा या जागेचा गुण. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी तेथे मीठ वाहून नेणारी एक गाडी पेटली. खाली असलेले ८६ कामगार सुखरूप वर आले, परंतु सरकारी चौकशीत जे समोर आले ते बोलके होते: नियंत्रण कक्षाने हवेचा झोत बदलल्यामुळे जेथे स्वच्छ हवा असेल अशी कामगारांची समजूत होती तेथेच धूर साचला, काहींना श्वसनसंरक्षक साधन उघडणे व लावणे जमले नाही, आणि आपत्कालीन सराव अपुरे होते. किरणोत्साराचा या आगीशी संबंध नव्हता. खाणीतील जुन्या, परिचित धोक्याकडे दुर्लक्ष झाले होते.

अवघ्या नऊ दिवसांनी, १४ फेब्रुवारीच्या रात्री, हवेतील किरणोत्सार मोजणारे यंत्र वाजू लागले. कचऱ्याचे एक पिंप तापून फुटले होते. लॉस अलामोस येथे भरलेल्या त्या पिंपात नायट्रेट क्षार होते, आणि त्यांतील ओल शोषण्यासाठी खनिज पदार्थाऐवजी गव्हापासून बनवलेला, मांजरांच्या शौचपात्रात वापरतात तसा भुसा घातला गेला होता. नायट्रेट हे ऑक्सिजन पुरवणारे रसायन, तर गव्हाचा भुसा हे त्याचे इंधन. दोन्ही एकत्र भरणे म्हणजे मंदगतीने पेटणारे मिश्रण तयार करणेच होते. त्या क्षणी खाली कोणीही नव्हते, आणि वर असलेल्या काही कर्मचाऱ्यांच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश आढळला, एवढ्यावर निभावले. मात्र तेथे कचरा पुन्हा ठेवण्यास जानेवारी २०१७ उजाडले. २५ कोटी वर्षे टिकलेले मीठ येथे निर्दोष राहिले आणि दोष ठरला तो शेकडो किलोमीटर दूर पिंप भरणाऱ्यांच्या हाती दिलेल्या कार्यपद्धतीत, जी मान्य करणाऱ्यांच्या साखळीत रसायनशास्त्राची शंका वेळेवर उपस्थित झाली नाही.

भारतात हा विषय वेगळ्या वळणाने येतो. येथील धोरणानुसार वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवले जाते आणि उरलेला उच्चस्तरीय द्रव कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओतला जातो. या काचीकरणाचे देशातील पहिले संयंत्र पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९८० च्या दशकात चालू झाले, आणि काचेचे डबे तेथील हवेने थंड होणाऱ्या साठवणगृहात काही दशके ठेवण्याची व्यवस्था आहे. पुनर्प्रक्रियेमुळे कचऱ्याचे आकारमान कमी होत असल्याने खोल भूगर्भीय भांडाराची निकड आत्ताच नाही, अशी अणुऊर्जा खात्याची भूमिका राहिली आहे. तरीही १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतील वापरात नसलेल्या भागात, सुमारे १,००० मीटर खोलीवर, विद्युत तापक बसवून कचऱ्याच्या उष्णतेला खडक कसा प्रतिसाद देतो याचा प्रयोग भाभा अणुसंशोधन केंद्राने केला होता. ती खाण २००१ मध्ये बंद पडली. दख्खनच्या बेसाल्टचा विचार साहजिकच मनात येतो, परंतु भारतीय अभ्यासाचा कल प्रामुख्याने ग्रॅनाइटकडे राहिला, आणि अमेरिकेनेही हॅनफर्ड येथील बेसाल्टचा पर्याय १९८७ मध्ये सोडून दिला.

काचेचे डबे ठेवायला जागा आहे, म्हणून माणसे घडवायलाही अवकाश आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे ठरेल. ट्रॉम्बे येथील प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून भट्ट्या, इंधन आणि पुनर्प्रक्रिया यांसाठी शास्त्रज्ञ घडवत आले आहे. पण बोगद्याच्या भिंतीतील तडकलेली पट्टी ओळखणारा, बेंटोनाइटची वीट रचणारा आणि विंधनछिद्रातील फुगा नीट बसला की नाही हे दाबाच्या आलेखावरून सांगणारा माणूस तयार होण्यास बोगदा लागतो, आणि कोलारमध्ये तो अनुभव घेतलेली पिढी आज निवृत्त झालेली असणार. ओन्कालोमध्ये २००४ च्या पहिल्या सुरुंगापासून २०२४ च्या चाचणीपर्यंत वीस वर्षे गेली, आणि त्याआधी जागेच्या शोधात आणखी दोन दशके खर्ची पडली होती. भारताला भांडाराची गरज काही दशकांनी भासणार असेल, तर त्याच्या भूगर्भ-प्रयोगशाळेची जागा ठरवण्याचे काम याच दशकात हाती घ्यावे लागेल.