राहत्या चाळीतले कारागीर

गिरगावातल्या जुन्या चाळींची दुरुस्ती बहुधा माणसे घरात राहत असतानाच होते. १९६९च्या कायद्याने त्यासाठी मंडळ नेमले गेले. पुढे ते म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, आले. वाळवी लागलेली सागवानी तुळई बदलायची तर आधी टेकू देऊन वरच्या मजल्याचा भार पेलावा लागतो, आणि खाली त्याच खोलीत स्वयंपाक चालू असतो. सुतार-गवंड्यांचा चांगुलपणा इथेच कळतो: नळाला पाणी यायच्या आत मोरी मोकळी करणे, देव्हाऱ्यावर कापड टाकणे, आजारी म्हातारीचा डोळा लागला की ठोकाठोक थांबवणे. यातले काहीच अंदाजपत्रकात नसते. घरातून चहा मिळतो, तो हवाच. पण ठरल्या दिवशी पूर्ण मजुरी हातात ठेवणे, हीच त्या चांगुलपणाची खरी पोच.