तोरण्यावरचं अंडं

चल, आपण तोरण्यावर आहोत असं समज! वेल्ह्याच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून 1403 मीटर उंच. भोरच्या बाजारातली गावरान अंडी पातेल्यात उकळतायत. (गडावर खरी चूल पेटवायची नाही हं, मनातल्या मनात!)

पाणी किती अंशांना उकळलं, ओळख! शंभर? छे! इथे हवेचा दाब कमी, म्हणून 95 च्या आसपासच.

तरी अंडं मस्त शिजतं. कारण आतली एक गंमत सुमारे 75 अंशांनाच उरकते!

कच्च्या अंड्याच्या पारदर्शक भागात लायसोझाइम असतं. हे एक विकर, म्हणजे ठरावीक काम झटपट उरकणारं प्रथिन. याचं काम? जिवाणूंची भिंत फोडणं! तुझ्या अश्रूंतही ते असतं, बरं का.

त्याची रचना अगदी फेट्यासारखी! 129 छोट्या रेणूंची लांब पट्टी, ठरलेल्या घड्यांनी गुंडाळलेली. वर गंधकाच्या चार टाचण्या! सुमारे 75 अंशांपर्यंत तापलं की सगळं थरथरतं आणि घड्या सुटतात. हीच ती गंमत! कापड तेच, पण फेटा गेला. काम बंद!

हे सुटताना बघायचं कसं? शास्त्रज्ञ हा फेटा संगणकात बांधतात! कुठला अणू कुणाला किती ओढतो, किती ढकलतो, याचं गणित करायचं. अणू कणभर सरकवायचे. पुन्हा गणित! एकेक पाऊल केवढ्या वेळाचं? एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे कर. त्यातला एक तुकडा! अशा कामाला महासंगणक हाताशी असला तर काय बहार! आपल्या पुण्यातच, आयसर संस्थेत, 2019 मध्ये ‘परम ब्रह्म’ नावाचा एक बसवलाय.

1992 मध्ये ॲलन मार्क आणि विल्फ्रेड व्हान गुन्स्टेरेन या शास्त्रज्ञांनी संगणकातलं लायसोझाइम तापवलं. किती? तब्बल 227 अंश! एवढं कशाला? अरे, 75 अंशांवर ते सुटायची वाट बघत संगणक म्हातारा झाला असता! आणि संगणकात त्याच्याभोवती घातलेल्या पाण्याची वाफ? अशा प्रयोगांत बऱ्याचदा पाण्याला पसरायला जागाच देत नाहीत. मग वाफ होणार कुठून!

आता खरी धमाल. थोड्या आंबट पाण्यात एकटं लायसोझाइम तापवून थंड केलं, तर फेटा आपोआप पुन्हा बांधला जातो!

मग उकडलेलं अंडं गार झाल्यावर पुन्हा कच्चं का होत नाही? कारण अंड्यात प्रथिनांची ही गर्दी! सगळ्यांचे फेटे सुटतात आणि एकमेकांत असे गुंततात, की कुणाचा कुठला तेच कळत नाही!