‘पेशी’ : संज्ञा आणि संकल्पना

सुश्रुतसंहितेत मानवी शरीरात पाचशे ‘पेशी’ सांगितल्या आहेत. हा आकडा वाचून विद्यार्थी गोंधळतो. परंतु तेथे पेशी म्हणजे मांसपेशी, आजच्या मराठीतील स्नायू होत. जीवशास्त्रातील ‘पेशी’ ही इंग्रजी ‘सेल’साठी योजिलेली संज्ञा आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात मृत भित्तिकांनी वेढलेले रिकामे कप्पे वर्णिले व त्यांस ‘लहान खोली’ या अर्थाचे हे नाव दिले. तथापि प्राणिपेशीस भित्तिका नसते. जीवाणूस केंद्रक नसते. दोहोंस समान असते ते पटल आणि त्याने सीमित केलेले पेशीद्रव्य. म्हणून व्याख्या रचनेवरून करावी, व्युत्पत्तीवरून नव्हे. अन्यथा प्राचीन ग्रंथ व आधुनिक शास्त्र या दोहोंचाही विपर्यास होईल.