इंजिनाच्या धुराच्या पाइपाला पट्टी गुंडाळताय? जरा थांबा!

शेतकरी बंधूंनो, तुमच्या वाडीत बावखलाकाठी डिझेल इंजिन असेल, तर त्याच्या धुराच्या पाइपाने कधी ना कधी हात पोळलाच असेल. भरल्या लोडवर इंजिनाजवळचा पाइप ४०० अंश सेल्सिअसच्या वर जातो. वाळका पेंढा किंवा झावळी त्यावर पडली की पेटायला वेळ लागत नाही. म्हणून कुणी सुचवतो, ‘पट्टी गुंडाळ की!’

ही काचतंतूची पट्टी मोटारींच्या शर्यतीतून आली. पाइपातला धूर गरम राहिला की तो जोरात बाहेर पडतो आणि बॉनेटखालची उष्णता कमी होते. ठरावीक वेगाने चालणाऱ्या पंपाच्या इंजिनाला त्यातून ताकद मिळायची नाही. दुकानदार काहीही सांगो!

आणि नंदाखालची हवा कशी आहे ते तुम्हीच जाणता. समुद्र जवळ, वारा खारा, पावसाळा चार महिने. पट्टी पाणी आणि मीठ धरून ठेवते, इंजिन बंद झाले की ओल आत तशीच राहते. साधा लोखंडी पाइप आतून कुजतो आणि वरून काही दिसत नाही. जोडातून धूर गळत असला तरी पट्टीखाली लपतो. पंपाची खोली बंद असेल तर तो धूर जिवावर बेतू शकतो. इंजिनाला लागून असलेल्या बिडाच्या भागाला गुंडाळले, तर उष्णता कोंडून तडा जाण्याची भीती वेगळीच.

जुन्या इंजिनांवर पांढरट दोरी गुंडाळलेली दिसते, ती बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसची. हिला कोरडी ओरबाडू नका. तिची धूळ फुप्फुसात बसली की कर्करोग होऊ शकतो, तोही कित्येक वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे ठेवायला सांगितले, ते उगाच नाही. दोरी पाण्याने चिंब भिजवा, नाकातोंडाला चांगला मास्क लावा, ओलीच जाड पिशवीत बांधा. जाळू नका, बावखलात तर टाकूच नका. ग्रामपंचायतीच्या पंपघरात किंवा जनरेटरवर अशी दोरी असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शिपायाला नुसत्या हातांनी ती काढायला लावू नये.

मग करायचे काय? गंज खरवडून ६०० अंश सोसणारा सिल्व्हर रंग द्या. तो गंज रोखतो, चटका मात्र रोखत नाही. चटक्यासाठी पत्र्याचे कवच करा. पाइप आणि पत्रा यांत इंचभर मोकळी जागा हवी, दोन्ही टोके उघडी हवीत. पत्रा पाइपाला टेकला तर तोही तेवढाच तापतो. पाइप झावळ्यांच्या छपरातून वर नेला असेल, तर तिथे कवच रुंद करा आणि भोवतीच्या झावळ्या हातभर मागे कापा. चार स्क्रूंवर बसवलेत तर पावसाळ्याआधी कवच काढून आतला गंज पाहता येतो.