शाळेच्या लिनक्स संगणकावर लॉगिनचा पडदा कसा लावावा



आधी माझीच चूक सांगते. आमच्या गडबच्या वर्गातल्या संगणकावर लिनक्स मिंट आहे. मुलांना पासवर्डचा त्रास नको म्हणून मी लॉगिनच्या पडद्यावर 'गेस्ट सेशन' सुरू करून दिलं. तिसरीतल्या एका मुलीने टक्स पेंटमध्ये गणपतीचा कारखाना काढला. ओळीने मूर्ती, रंगाचे डबे, मूर्तीचे डोळे आखणारे तिचे आजोबा, सगळं होतं त्यात. तास संपला, आम्ही लॉगआउट केलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, माजा चित्र कुठं गेला?" चित्र गेलंच होतं. गेस्ट सेशनमध्ये केलेलं काम लॉगआउट होताच पुसलं जातं, ते तसंच बनवलेलं आहे. सायबर कॅफेला ते सोयीचं, वर्गाला नाही.

तेव्हापासून हा पडदा नीट समजून घेतला. संगणक सुरू झाल्यावर नावांची यादी दाखवून पासवर्ड विचारणारा एक वेगळाच प्रोग्राम असतो. त्याला डिस्प्ले मॅनेजर किंवा लॉगिन मॅनेजर म्हणतात. आपण कोण ते तो तपासतो आणि मग आपला डेस्कटॉप उघडून देतो. ही कल्पना जुनीच, 1988 सालच्या एक्सडीएमपासूनची. आज उबुंटूत जीडीएम, केडीईत बहुधा एसडीडीएम आणि मिंटमध्ये 2017 च्या 18.2 आवृत्तीपासून लाइटडीएम असतो. मी मिंटचंच सांगते.

पहिलं काम खात्यांचं. मेनूत ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये 'युजर्स अँड ग्रुप्स' उघडा. प्रत्येक इयत्तेचं एक खातं करा. प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको. युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावं लागतं. पण पूर्ण नावाच्या रकान्यात खुशाल मराठीत 'इयत्ता तिसरी' लिहा, पडद्यावर तेच दिसतं. तिथेच खात्याला चित्रही देता येतं. पहिलीच्या मुलांना अजून वाचता येत नाही, म्हणून त्यांना होडी दिली, दुसरीला खेकडा. आता पहिलीची पोरं "आमची होडी" म्हणत बरोबर जागी क्लिक करतात. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

आता ॲडमिनिस्ट्रेशनमध्येच 'लॉगिन विंडो' उघडा. पडद्यामागचं चित्र बदलायची सोय पहिल्या भागात आहे, त्यात फार वेळ घालवू नका. महत्त्वाचा भाग 'युजर्स'चा. गेस्ट सेशन बंद ठेवा. नावांची यादी लपवायचाही पर्याय आहे, पण मग मुलांना युजरनेम टाइप करावं लागेल, म्हणून यादी दिसू द्या.

त्याखाली ऑटोमॅटिक लॉगिन आहे. त्यात नाव लिहिलं की संगणक सुरू होताच ते खातं आपोआप उघडतं. वीज जाऊन आली तरी मुलांना थांबावं लागत नाही, म्हणून मोह होतो. पण इथे स्वतःचं नाव कधीच लिहू नका. आपल्या खात्यात ब्राउझरने सरल आणि यू-डायसचे पासवर्ड जपून ठेवलेले असतात, मुलांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांकांच्या फायली असतात. आपोआप उघडलेलं शिक्षकाचं खातं म्हणजे कुलूप न लावलेलं दप्तराचं कपाट. द्यायचंच तर एखाद्या इयत्तेच्या खात्याला द्या. आपल्याला काम असेल तेव्हा लॉगआउट करायचं, यादी येते, तिथून आपल्या खात्यात जायचं.

आणखी एक तपासा. मुलांच्या खात्यात जाऊन आपलं होम फोल्डर उघडतं का ते पाहा. जुन्या आवृत्त्यांत दुसऱ्याच्या फायली निदान वाचता तरी येत. उघडलं तर त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'परमिशन्स'च्या भागात 'अदर्स'समोर 'नन' निवडा.

आपल्याकडे हमखास होणारी गडबड म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा ठरणं. मराठी टंकन करून कीबोर्ड तसाच राहिला असेल तर लॉगिनच्या पडद्यावर वेगळीच अक्षरं उमटतात आणि ठिपक्यांमुळे ती दिसत नाहीत. कोपऱ्यात कीबोर्डच्या भाषेची खूण असते, ती आधी पाहा. कॅप्स लॉकही पाहा.

कधी पासवर्ड मान्य होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनवरच येतो. घाबरून संगणक पुन्हा इन्स्टॉल करायला देऊ नका. अनेकदा डिस्क भरलेली असते, मुलांनी गाण्यांचे व्हिडिओ साठवलेले असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ2 एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचं युजरनेम आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. 'डीएफ' ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत दिली की किती जागा उरली ते कळतं. मोठ्या फायली काढल्या की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ7 दाबून परत लॉगिनवर या.

त्या मुलीने चित्र पुन्हा काढलं, यावेळी 'इयत्ता तिसरी'च्या खात्यात. आजोबांच्या हातात आता ब्रशही आहे.